‘व्हीपीए लावा आणि निवांत झोपा’ : माझ्या भाच्याची मात्र झोप उडाली

माझा भाचा इथेच, इंदूरला विजयनगरमधल्या एका छोट्या कंपनीत आहे. त्यांचं सॉफ्टवेअर कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीनवर सॉफ्टवेअरच्या प्रती चालवणाऱ्या प्रणालीवर चालतं; अशा एका चालत्या प्रतीला पॉड म्हणतात. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला : “मामा, पॉड सहावरून चाळीसवर गेलेत. ट्रॅफिक तर रोजचंच आहे!” काय बदललंस, असं विचारल्यावर त्यानं व्हीपीए आणि एचपीए या, पॉडची आपोआप जुळवाजुळव करणाऱ्या दोन साधनांबद्दलचा एक फॉरवर्ड पाठवला. तोच फॉरवर्ड आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आठवड्यात दोनदा येऊन गेला होता : ‘व्हीपीए कुबरनेटिसमध्येच असतो. ऑटोवर ठेवा, सोबत सीपीयूवर एचपीए लावा. पॉड रीस्टार्ट होत नाही, मेमरी संपत नाही, बिल अर्धं.’

यातला सगळ्यात घातक सल्ला दोन्ही एकत्र सीपीयूवर लावण्याचा. एचपीए पॉडची संख्या ठरवतो, व्हीपीए प्रत्येक पॉडची रिक्वेस्ट, म्हणजे पॉडसाठी राखून ठेवायची सीपीयू आणि मेमरी. पण एचपीएची टक्केवारी मोजली जाते ती त्या रिक्वेस्टवरच! भाच्याकडे सहा पॉड होते, रिक्वेस्ट 200 मिलीकोर (सीपीयूच्या एका कोरचा हजारावा भाग म्हणजे मिलीकोर), वापर 120, म्हणजे 60 टक्के. एचपीएचं लक्ष्य 70. सगळं स्थिर होतं. व्हीपीए आला. तो साधारण वापरावर 15 टक्के जास्त धरतो, म्हणून रिक्वेस्ट झाली 138. वापर तोच, पण टक्केवारी झाली 87. एचपीएनं आठ पॉड केले. काम वाटलं गेलं, वापर 90 वर आला, व्हीपीएनं रिक्वेस्ट 103 केली. टक्केवारी परत 87! आता दहा पॉड, मग तेरा. रिक्वेस्ट वापराच्या मागे मागे खाली येत राहिली की हा आकडा 70 च्या खाली येणारच कसा? व्हीपीए एरवी 25 मिलीकोरच्या खाली जात नाही, आणि भाच्यानं एचपीएला कमाल 40 पॉडची मर्यादा ठेवली होती, म्हणून तिथे थांबलं. व्हीपीएच्या स्वतःच्या दस्तऐवजात, मर्यादांच्या यादीत, हे स्पष्ट लिहिलंय : सीपीयू किंवा मेमरी या एकाच मापावर दोन्ही लावू नका. फॉरवर्ड करणाऱ्यानं ते पान एकदा तरी उघडायचं!

रीस्टार्ट होत नाही, हे साफ खोटं. ऑटोमध्ये व्हीपीएचा अपडेटर नावाचा भाग पॉड काढून टाकतो आणि त्याच्या जागी येणाऱ्या पॉडवर नवे आकडे चढतात. चालत्या पॉडचे आकडे बदलण्याची सोय कुबरनेटिस 1.33 मध्ये बीटाला (चाचणीच्या टप्प्याला) आली हे खरं, पण व्हीपीएत त्यासाठी वेगळा मोड निवडावा लागतो, आणि जागेवर जमलं नाही तर तोही पॉड काढतोच. व्हीपीए कुबरनेटिससोबत येतो हेही चूक. तो वेगळा बसवावा लागतो, वापर मोजणाऱ्या मेट्रिक्स सर्व्हरसह.

मेमरीचं म्हणाल तर पॉड मेमरीअभावी मेल्यावर व्हीपीए 20 टक्के किंवा 100 एमबी, जे जास्त असेल ते वाढवतो. म्हणजे आधी मरणं आलंच. शिवाय त्याच्याकडे इतिहास आठ दिवसांचा. भाच्याची कंपनी खाण्याच्या ऑर्डरी घेते. रंगपंचमीला गेर (रंग उधळणारी मिरवणूक) निघते त्या दुपारची गर्दी त्याला कुठून कळणार?

बिलाच्या बाबतीत थोडं मान्य करावं लागतं. अंदाजानं दोन-दोन जीबी मागून ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि ‘ऑफ’ मोडमध्ये आठवडाभर नुसत्या शिफारशी वाचल्या तरी ती उधळपट्टी दिसते. पण पैसे नोडचे, म्हणजे पॉड ज्यांवर चालतात त्या मशीनचे जातात. रिक्वेस्ट घटवूनही नोड तेवढेच राहिले तर बिलात रुपयाचाही फरक नाही.

त्या रात्री आम्ही व्हीपीए ‘ऑफ’ केला. जुन्या पॉडवर छोटे आकडे तसेच होते, म्हणून डिप्लॉयमेंट पुन्हा फिरवली, म्हणजे सगळे पॉड नव्यानं सुरू केले, आणि 200 परत आले. पाचेक मिनिटांनी एचपीएनं पॉड सहावर आणले. आता व्हीपीए फक्त मेमरीपुरता ठेवलाय, कमाल मर्यादा घालून. ग्रुपमधल्या ज्यांनी ज्यांनी तो फॉरवर्ड वाचून दोन्ही लावलेत, त्यांनी आपली पॉडसंख्या आजच बघा, आणि अडलं तर मला रात्रीही फोन करा.