२२० नंबरने कोरडं घासा म्हणे!

'मॉडेल कारची बॉडी अर्ध्या तासात रंगाला तयार' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. काल भाच्याने तोच मला पाठवला, खाली प्रश्न: "मामा, असं करू का?" नको रे बाबा! मेसेजात चार गोष्टी आहेत: बॉडी ॲसिटोनने पुसा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कोरडी घासा, प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) ही कंपन्यांची लूट आहे, आणि उरलेले चरे जाड रंगाखाली झाकले जातात.

ॲसिटोनचं एका दमात सांगतो. किटमधली बॉडी बहुधा पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची असते आणि ॲसिटोनमध्ये पॉलिस्टायरीन विरघळतं. पुसता पुसता बॉनेट चिकट होतं, दारांच्या रेषा बुजतात. साच्याचा तेलकटपणा काढायला भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो.

खरा संताप २२० नंबरचा. कारण काय, तर 'जितकं खरखरीत, तितका रंग घट्ट'. आयएसओ ६३४४ या मानकात पेपरच्या प्रत्येक पी-नंबरला कणाचं माप ठरवून दिलंय. पी २२० चा कण सरासरी ६८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी १००० चा सुमारे १८. आता मॉडेल १:२४ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान, धरा. ६८ ला २४ ने गुणा, दीड मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे खऱ्या गाडीचं बॉनेट बारीक खडीने घासल्यासारखं! चरा कणाएवढा खोल जात नाही हे कबूल, पण मॉडेलवरचा रंगाचा थर तरी असा किती जाड असतो?

साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ फेंडरवरून आणि काचांमधल्या खांबांवरून जाते. ती आधी ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडायची, मग पी ४०० किंवा पी ६०० चा वॉटर पेपर, शेवटी पी १०००. प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. कोरडा पेपर भुकटीने लगेच तुंबतो, आणि तुंबलेला पेपर कापत नाही, ओरबाडतो. बॉडी रेझिनची असेल तर ती भुकटी थेट छातीत जाते, तिथे मास्कही हवा. पेपरच्या पाठीवर पी छापलाय ना, तेही बघा. अमेरिकी मोजणीतला ६०० जवळपास पी १२०० एवढा बारीक असतो, तिथे भलेभले फसतात.

प्राइमरचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. लॅकर रंग उघड्या पॉलिस्टायरीनला स्वतःच धरतो, त्यामुळे नुसत्या पकडीसाठी प्राइमर लागेलच असं नाही. पण करड्या प्राइमरखाली राहिलेला चरा, खड्डा, पुट्टीची कड सगळं उघडं पडतं. चकचकीत प्लास्टिकवर ते दिसतच नाही. आणि बॉडी लाल प्लास्टिकची असून वर पांढरा रंग द्यायचा असेल, तर प्राइमरही पुरेल असं नाही. लाल रंग झिरपून वर येतो, गुलाबी गाडी तयार! तिथे आधी चंदेरीचा थर देऊन तो अडवावा लागतो.

जाड थराने चरे झाकतात म्हणे. रंग वाळताना आकसतो आणि चरे पुन्हा डोकं वर काढतात. बुजतात ते बिल्ले आणि दारांच्या रेषा. रेषा मुळातच उथळ असतील तर प्राइमरच्या आधी स्क्रायबरने, म्हणजे रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने, खोल करून घ्या. रंग चढल्यावर ते करायला गेलात तर कडेचा रंग उडतो.