फाईल उघडेपर्यंत मावशींची गाडी गेली

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांब होईल, पण वाचा.

दुपारी ठेवीची पावती नवी करायला आमच्या पतसंस्थेत गेलो होतो. माझ्यापुढं जांबोटीकडच्या एक मावशी. पिशवीत पासबुक आणि मुदत संपलेली पावती, नातवाची फी भरायची होती. काउंटरवरच्या पोरानं व्याज बघायला एक्सेलची फाईल उघडली आणि खाली लिंक अपडेट होत असल्याची ती पट्टी आली. आली ती हलेना. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मावशी सारख्या म्हणत होत्या, "बाळा, माझी दोनची गाडी जाईल की रे." पोरगं घामाघूम. आतून साहेब ओरडले, "त्याला काय येत नाही गा, नुसतं बसून असतंय!"

दोन वाजून गेले. गाडी गेली.

पगार किती त्या पोराचा, आणि चारचौघांत असं बोलायचं? त्यानं बनवली होती का ती फाईल?

ती मी बनवली होती. 2009 साली, तिथं कामाला असताना.

तेव्हा चार शाखा होत्या. प्रत्येक शाखेची फाईल वेगळी आणि मुख्य फाईल लिंकांनी सगळीकडचे आकडे गोळा करायची. उघडली की चटकन यायची. आता शाखा नऊ. दर वर्षी कुणीतरी गेल्या वर्षाची फाईल कॉपी करून तिच्यावरच नवी चढवली, जुन्या लिंका तशाच ठेवून. 'अपडेट' दाबलं की एक्सेल त्या एकेका बंद फाईलकडं नेटवर्कवरून जातं, आकडा वाचतं, मग पुढची. दहा वर्षांपूर्वी ज्यांचा हिशेब मिटला, त्या फाईलींकडंसुद्धा!

आणखी एक सांगतो. 1 नोव्हेंबर 2014 ला आपल्या बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यानंतर ऑफिसात नवा सर्व्हर, म्हणजे फाईली ठेवायचा मुख्य कॉम्प्युटर आला, त्याला नवं नाव दिलं, जुना भंगारात गेला. पण माझ्या लिंकांत जुन्या कॉम्प्युटरचंच नाव, बेळगाव. फाईल उघडली की एक्सेल त्या नावाला नेटवर्कवर हाक मारतं, उत्तर येत नाही, ते थांबतं, कंटाळून पुढं जातं. घरात आपण बेळगावच म्हणतो, म्हणत राहणार. फाईलमधला पत्ता मात्र बदलायला हवा होता. एवढ्या वर्षांत 'एडिट लिंक्स' ही लिंकांची यादी उघडून बघायला कुणाला दहा मिनिटं मिळाली नाहीत?

आणि संचालक मंडळ काय म्हणतंय, तर नवा कॉम्प्युटर घेऊया. घ्या! कॉम्प्युटर जुना आहे, मान्य. ठेवींचं काम एक्सेलवर करूच नये, नीट सॉफ्टवेअर घ्यावं, तेही मान्य. पण ते येईपर्यंत मावशींनी स्टँडवर बसून राहायचं?

साहेबांना सरळ सांगितलं, आज मला बसू द्या. बसलो.

आधी सगळ्याची कॉपी काढून बाजूला ठेवली, कारण 'ब्रेक लिंक' केलं की मागं येता येत नाही. मिटलेल्या वर्षांच्या लिंका तोडल्या, तिथं नुसते आकडे राहिले. चालू वर्षाच्या लिंकांना 'चेंज सोर्स'मधून नवा पत्ता दिला. दोन लिंका तोडूनही यादीतून जाईनात. एक 'नेम मॅनेजर'मध्ये, म्हणजे फाईलीतल्या नावांच्या यादीत लपली होती, दुसरी डेटा व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे रकान्यात काय भरता येईल त्या नियमांत. मग सूत्रं. कुणीतरी अख्खे कॉलमच्या कॉलम पकडले होते, म्हणजे प्रत्येक ठिकाणी 10,48,576 ओळी, आणि आमचे ठेवीदार काही हजार. जागोजागी ऑफसेट. ते फंक्शन असं, की कुठंही एक आकडा बदलला तरी परत मोजायला बसतं. ते काढून इंडेक्स घातलं, ते असं सारखं मोजत बसत नाही.

हे करताना सारख्या त्या मावशी डोळ्यांपुढं येत होत्या. गाडी गेली तरी कुणावर चिडल्या नाहीत. पिशवी आवरली आणि पोरालाच म्हणाल्या, "असू दे बाळा, तू तरी काय करणार. परवा येतो." साहेबांपेक्षा त्यांना जास्त कळलं होतं.

पोरगं शेवटपर्यंत माझ्याशेजारी बसून होतं. त्याला दाखवलं, सकाळी आधी शाखांच्या नऊ फाईली उघडायच्या, मग मुख्य. मग आकडे मेमरीतूनच येतात, नेटवर्कवर परत हिंडावं लागत नाही. सगळं वहीत लिहून घेतलं त्यानं. ऑफिसातलं एक्सेल 2016 चं आहे, त्यात पॉवर क्वेरी, म्हणजे वेगवेगळ्या फाईलींतले आकडे एकत्र आणायची सोय, आहेच. पुढच्या महिन्यात नऊ शाखा तिच्यातूनच आणायच्या असं आमचं ठरलंय. ह्याला काय येत नाही म्हणे! इतकी वर्षं त्याला कुणी शिकवलं का?

साडेसातला फाईल बंद करून परत उघडली. पाऊण मिनिट. पोरगं घड्याळाकडं बघतच राहिलं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी अशा फाईली बनवून दिल्यात. उद्यमबागच्या कारखान्यांत, सोसायट्यांत, शाळांत. नोकरी सोडली, पण फाईल चालूच आहे. एकदा जाऊन उघडून बघा, पलीकडं कोण ताटकळत बसलंय.

मावशी परवा येणार आहेत. मी एकलाच तिथं जाऊन बसणार, आणि दोनच्या गाडीत त्यांना बसवूनच घरी येणार.