तेरावा ठिपका

रात्री मध्येच जाग आली की माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. घोटभर पाणी आणि किती वाजले याची खबर. पाणी उशाशी ठेवता येतं. वेळेसाठी मोबाइल उचलावा, तर त्याच्या उजेडानं डोळे दिपतात, आणि अर्ध्या तासानं तो खाली ठेवताना लक्षात येतं की वेळ तेवढी पाहायची राहिली.

माझ्या उशाशी गजराचं एक गोल घड्याळ आहे. पांढरी तबकडी, आकड्यांच्या जागी बारीक करड्या रेघा, काळे काटे. दिवसा दृष्ट लागावी असं. रात्री नुसती टिकटिक. म्हणजे वेळ चालली आहे एवढं समजतं, कुठवर पोहोचली ते समजत नाही. एका रात्री घड्याळ डोळ्यांपासून चार बोटांवर धरूनही काही दिसेना, तेव्हा मी अंधारातच जाहीर केलं, "याला आता रेडियम लावणार."

"झोप," बायको म्हणाली.

रेडियम हा आपल्याकडे भलताच सैल शब्द आहे. अंधारात जे म्हणून दिसेल ते रेडियम. गाडीच्या मागे चिकटवतात ती पट्टीसुद्धा रेडियम! तिच्यात रेडियमचा कणही नसतो आणि ती स्वतः चमकतही नाही, दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड तोंडावर परत फेकते, इतकंच. मी आणली ती पूडही खऱ्या अर्थानं रेडियम नव्हतीच. ती होती स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियमची चिमूट. ही पूड जपानमध्ये 1993 च्या सुमारास पुढे आली. तिचा कारभार उधारीवर चालतो. दिवसा किंवा दिव्याखाली उजेड घ्यायचा आणि रात्रभर हप्त्याहप्त्यानं फेडायचा. तिच्याआधीची झिंक सल्फाइडची पूडही उधारच घ्यायची, पण सगळं काही मिनिटांत फेडून मोकळी. पहाटे तीनला तिच्या हाती काही उरत नसे.

खरं रेडियम उधार घेत नव्हतं, त्याच्याकडे स्वतःची इस्टेट होती. ती गोष्ट पुढे येतेच.

सुरुवात ब्रशनं केली. बारा ठिपके तर द्यायचे, त्यात काय मोठंसं! पूड पाण्यात विरघळणाऱ्या गोंदात कालवली आणि कामाला लागलो. पहिला ठिपका गोल आला. दुसरा लंबगोल. तिसऱ्याला शेपूट फुटली. पाचव्यापर्यंत तबकडीवर बेडकाची पिल्लं पोहायला लागली होती. माझा हात एरवी थरथरत नाही. भिंगाखाली धरला की मात्र तो माझा आहे यावर विश्वास बसत नाही. शिवाय ब्रशचे केस फिसकारत होते. मग सुईत दोरा ओवताना करतो तेच मी केलं. टोक करायला ब्रश ओठांकडे नेला.

"तोंडात घालतोयस ते?" बायको ओरडली.

माझी पूड किरणोत्सारी नव्हती, तरी हात जागीच थांबला. कारण नेमकी हीच गोष्ट मी वाचली होती. पियरे आणि मारी क्यूरी यांनी 1898 मध्ये रेडियम शोधलं. पुढे त्याचा क्षार झिंक सल्फाइडमध्ये मिसळला की मिश्रण आपोआप, सूर्य असो वा नसो, चमकत राहतं हे कळलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी अशा रंगाचा कारखाना निघाला. रंगाचं नाव 'अनडार्क'. तबकड्या रंगवायला बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली होत्या, आणि पैसे नगावर. ब्रश ओठात धरून टोक करायचं, रंगात बुडवायचा, आकडा रंगवायचा, पुन्हा ओठात. त्यांना तसंच शिकवलं होतं. हा रंग निरुपद्रवी आहे असंही सांगितलं होतं. काही जणी गमतीनं नखांना आणि दातांनाही तो लावायच्या. रेडियम शरीरात गेलं की कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडांत मुक्काम ठोकतं. दात पडू लागले, जबडे झिजले, कित्येक जणी मेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी 1927 मध्ये कोर्टात गेल्या, 1928 मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी तो रंग तयार करणारा झाबिन फॉन सोखोत्स्की हाही आपल्याच रंगापायी गेला.

या गोष्टीत मला छळणारी बाब वेगळीच आहे. युरोपात हेच काम काचेच्या कांड्यांनी, टोकदार काड्यांनी, धातूच्या सुयांनी चाललं होतं. म्हणजे ओठ मध्ये आणायची गरजच नव्हती. अमेरिकेतही एका कंपनीनं काचेचं पेन आणून पाहिलं, पण त्यानं काम हळू होतं. रेडियमची निम्मी इस्टेट संपायला 1600 वर्षं लागतात, आणि घाई कसली, तर तबकडीमागे काही सेकंदांची. त्या काळातली घड्याळं आता चमकत नाहीत, कारण रेडियमच्या माऱ्यानं झिंक सल्फाइडच निकामी झालं. रेडियम आहे तसंच आहे. दिवा गेला, पण जाळ आत चालूच. म्हणून तसलं जुनं घड्याळ हाती लागलं तर ते खरवडत बसू नये, एवढं मी गंभीरपणे सांगून ठेवतो.

तेव्हा ठरवलं, हात नको, ओठ तर नकोच. यंत्र पाहिजे.

मधल्या दोन दिवसांत गोंदातली पूडही मेली. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटला पाणी सोसत नाही, त्यात त्याचं विघटन होतं, हे मला पूड पाण्यात घातल्यानंतर वाचायला मिळालं. सूचना नंतर वाचायच्या असा माझा शिरस्ता आहे. आधी वाचल्या तर त्या समजत नाहीत.

यंत्राची रचना सांगतो, कारण आयुष्यात मी एवढं एकच यंत्र बनवलं आहे. एक मिलिलिटरची इंजेक्शनची सिरिंज, तिला बोथट सुई. सिरिंजच्या दट्ट्यामागे एक लांब बोल्ट, ज्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर पुढे. हे सगळं एका लाकडी दांडीवर उभं बसवलेलं. दांडी पुढेमागे सरकते. खाली फिरती लाकडी चकती, तिच्या कडेला तीस-तीस अंशांवर बारा भोकं, भोकात खिळा घातला की चकती घट्ट. चकतीवर तबकडी चिकटवायची. थेंब टाका, खिळा काढा, एक घर फिरवा, खिळा घाला, थेंब टाका.

मग हिशेब. दोन मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर जाडीचा ठिपका म्हणजे साधारण एक मायक्रोलिटर रंग. सिरिंजचा आतला व्यास पावणेपाच मिलिमीटर. म्हणजे बोल्ट एक फेरा फिरवला तर सतरा-अठरा ठिपक्यांचा माल बाहेर येणार. एका ठिपक्यासाठी बोल्ट फक्त वीस अंश फिरवायचा. बोल्टच्या डोक्यावर मी कागदी चकती लावली आणि अंशांच्या खुणा केल्या. मुलगा येऊन पाहून गेला. "बाबा, हे उडणार आहे का?" एवढंच विचारलं त्यानं.

पूड या खेपेस तेलकट व्हार्निशमध्ये कालवली, वजनाला वजन. बोल्ट वीस अंश फिरवला. काही नाही. आणखी वीस. काही नाही. आणखी दहा फिरवले आणि सुईतून एक थेंब आला, मग दुसरा, मग कुणी विचारलेलं नसताना तिसरा. मी हात वर करून उभा होतो आणि सुई रडतच होती. घट्ट द्रवाचं हेच दुखणं. दाब आधी आत साठतो, मग आपल्या सवडीनं बाहेर पडतो. मी थांबलो हे त्याला कळवायचं असेल तर बोल्ट किंचित उलटा फिरवावा लागतो. पुढे दहा, मागे पाच, मग पुसणे, अशी एक कवायत बसवली.

दुसऱ्या दिवशी ठिपके सुंदर गोल आले. फक्त चमकले नाहीत. पूड व्हार्निशपेक्षा बरीच जड. मी सिरिंज आडवी ठेवून झोपलो होतो, त्यामुळे पूड खालच्या अंगाला बसली आणि सुईतून वरचं निर्मळ व्हार्निश तेवढं आलं. मी तबकडीला बारा पारदर्शक टिकल्या लावल्या होत्या. ढवळून पुन्हा भरली, तर पूडच एकगठ्ठा पुढे आली आणि सुई तुंबली. बारीक सुईत भरड कण एकमेकांना धरून कमान करतात, पुलासारखी. त्या कमानीवरून काही जात नाही, खालूनही नाही. भरड पूड जास्त उजळते म्हणून मी मुद्दाम भरड घेतली होती. शेवटी जाड सुई लावली.

या सगळ्या काळात काट्यांचं काम होऊन गेलं होतं, हे सांगायला हवं. काट्यांना मध्ये लांबट खाच होती. काटा पालथा धरला, पिनेच्या टोकावर थेंब घेतला आणि खाचेवरून ओढत नेला. पृष्ठताणामुळे साबणाच्या फुग्यासारखा पडदा धरला आणि तसाच वाळला. दोन्ही काटे मिळून दहा मिनिटं, तेही हातानं. यंत्रासमोर मी या गोष्टीचा उल्लेख टाळतो.

आता मुख्य प्रसंग. अंधारात बारा सारखे ठिपके दिसले तर बारा कुठे आणि तीन कुठे हे कसं कळणार? घड्याळ हातात घेतलं की वर-खाली काही उरत नाही. म्हणून चमकणाऱ्या घड्याळात बाराची खूण वेगळी करतात, कुठे त्रिकोण, कुठे जोडठिपका. मी जोडठिपका निवडला. बारापासून सुरुवात करायची, पूर्ण फेरी मारायची, बाराला परत यायचं, दांडी थोडी आत सरकवायची आणि तेरावा ठिपका द्यायचा.

भिंगातून मला फक्त सुईचं टोक आणि खालची रुपयाएवढीही नसलेली जागा दिसत होती. मी मोठ्यानं मोजत होतो. नऊ, दहा, अकरा, बारा. बारा झाले म्हणजे फेरी पूर्ण! दांडी आत सरकवली आणि तेरावा ठिपका दिला. इतका गोल, इतका फुगीर ठिपका मी आधी पाहिला नव्हता.

शाळेत एक गणित असायचं, रस्त्याच्या कडेला बारा झाडं लावली तर मधली अंतरं किती. मी तेव्हाही बारा लिहायचो.

तबकडी वाळल्यावर दिव्याखाली धरली आणि ती घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरलो, दार आतून ओढून घेतलं. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस मिनिटं सहज लागतात. या वेळेत बायकोनं दोनदा दार उघडून बंद केलं, म्हणजे चाळीस. पण मग ते बारा हिरवे ठिपके दिसले आणि मी भरून पावलो. जोडठिपका वर धरून मी कितीतरी वेळ पाहत बसलो. बाहेर येऊन उजेडात काटे बसवले. वाळलेला रंग फिकट, तबकडी पांढरी, त्यामुळे उजेडात ठिपके दिसतच नाहीत. घड्याळ पुन्हा आपलं दिवसाचं देखणं.

त्याच दिवशी आत्या मुक्कामाला आली. तिला पहाटे पाचला उठायची सवय, तेव्हा घड्याळाचा पहिला मान तिला. मी मोठ्या तोऱ्यात ते तिच्या उशाशी ठेवलं.

रात्री घरभर दिवे लागले. "उठा, पाच वाजून गेले!" आत्या दारात उभी. बायको उठली, मुलगा अर्धवट उठला, मी मोबाइल पाहिला. चार वाजून पाच मिनिटं.

"तुझं घड्याळ पुढे आहे रे," आत्या म्हणाली.

मी तिच्या खोलीत जाऊन दिवा लावला. घड्याळात चार दहा. मोबाइलमध्ये चार दहा. "अगदी बरोबर आहे."

आत्यानं दिवा मालवला, घड्याळ हातात घेतलं, जोडठिपका वर येईल असं फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. सव्वापाच.

मी दिवा लावला. चार अकरा. मालवला, पाच सोळा. तीनचार वेळा केलं. उजेडात एक वेळ, अंधारात दुसरी. मुलगा दारातून म्हणाला, "बाबा, दोन ठिपके अकरावर आहेत."

यंत्र निर्दोष होतं. बारा ठिपके द्यायला चकती अकरा घरं फिरवावी लागते. बाराव्या घराला मी ती फिरवलीच नव्हती. उरलेल्या रात्री मी टेबलाशी बसून गणित मांडलं: अंधारात जी वेळ दिसेल तिच्यातून एक तास पाच मिनिटं वजा करायची. यंत्र काढून खऱ्या बाराला आणखी दोन ठिपके द्यावेत, तीन म्हणजे बारा आणि दोन म्हणजे अकरा, असाही विचार केला. पण मी सुई धुवायची विसरलो होतो. आतला रंग दगड झाला होता, आणि तो सबंध दगड सुरेख हिरवा चमकत होता.

"राहू दे," आत्या म्हणाली, "वजा करायचं ना? करीन की. चारच दिवस तर आहे मी."

आणि खरंच, तिनं चारही रात्री बिनचूक वजाबाकी केली. पाचव्या दिवशी तिची गाडी सकाळी साडेआठची. बॅग भरलेली, मी चप्पल घालून दारात. आत्या खिडकीपाशी, भरपूर उन्हात, घड्याळ हातात घेऊन शांत बसलेली. घड्याळात आठ वाजले होते.

"आत्या, चल ना!"

"अरे, किती घाई," ती म्हणाली. "सातला पाच कमी आहेत अजून."