बोपण्णा आणि ‘अर्ध्या कोर्टाचं टेनिस’

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय: ‘टेनिसपटू रोहन बोपण्णा ४३व्या वर्षी दुहेरीत जगात नंबर वन झाला, यातच दुहेरीची लायकी कळते. अर्धं कोर्ट, अर्धे कष्ट, एकेरीत न चाललेल्यांची सोय.’ मी दर रविवारी वाशीत दुहेरीच खेळतो. हे वाचून गप्प बसवेना.

आधी कोर्ट. एकेरीत ते २७ फूट रुंद असतं, दुहेरीत ३६. म्हणजे एकाच्या वाट्याला १८ फूट, एकेरीच्या कोर्टाच्या निम्म्याहून चांगलंच जास्त. आणि खरा प्रश्न फुटांचा नाहीच. जोडीदार सर्व्हिस करताना मी नेटजवळ वाकून पाठीमागे हाताने खूण करतो: मूठ म्हणजे जागेवर थांबणार, उघडा पंजा म्हणजे आडवा धावणार. धावलो आणि अंदाज चुकला, की मागे मोकळं रान. अंदाज बरोबर आला तरी चेंडू थेट छातीवर येतो. रॅकेट मागे न्यायला वेळच नसतो, नुसती पुढे धरायची. आमच्यासारख्या हौशींची ही गत! एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस स्पर्धांच्या, दुहेरीत तर ४०-४० झालं की पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. चूक भरून काढायला दुसरी संधी नाही.

एकेरीत बोपण्णाची मजल जगात २१३व्या क्रमांकापर्यंतच गेली, हे खरंच आहे. पण सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईत डेव्हिस कपला, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, भारत ब्राझीलविरुद्ध ०-२ मागे होता. तिथून २-२ झाल्यावर शेवटची निर्णायक एकेरी बोपण्णाच खेळला आणि रिकार्डो मेलोला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. त्याला न चाललेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहता राहिलं वय. दुहेरी एवढी सोपी असती तर पुरुष दुहेरीच्या ग्रँड स्लॅमसाठी, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या किताबासाठी, त्याला इतकी वर्षं का थांबावं लागलं असतं? यूएस ओपनची फायनल तो २०१० मध्ये हरला, २०२३ मध्ये पुन्हा हरला. मधल्या काळात गुडघ्यांतली कूर्चा झिजली, तेव्हा त्याने अय्यंगार योग धरला, आपल्या पुण्यातून जगभर गेलेला. मग जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मॅथ्यू एबडेनसोबत ७-६, ७-५ असं जिंकून तो किताब आला. दोनच महिन्यांनी, ४४ पूर्ण झाल्यावर, हीच जोडी मायामीच्या स्पर्धेतही जिंकली.