साकवाच्या अलीकडचे पुण्य

भुकेलेल्यांसाठी आपण दिलेला पैसा खरोखर भुकेलेल्यांपर्यंत पोचतो का, हा प्रश्न सुज्ञ माणसाने देणगी देण्यापूर्वीच विचारून घ्यावा. देऊन झाल्यावर विचारला तर उत्तर शोधायला जागेवरून उठावे लागते. आधी विचारला तर खिशात हातही घालावा लागत नाही. त्यासाठी लागणारे वाक्य आयते उपलब्ध आहे. १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते की सरकार खर्च करते त्या रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात. ते सरकारी खर्चाविषयी बोलत होते, आपल्या देणगीविषयी नव्हे, हा तपशील चारचौघांत काढू नये. चाळीस वर्षे उलटली तरी हे वाक्य चलनात आहे आणि रुपया घसरला तसे ते घसरलेले नाही. वाटेत गळणारे पंच्याऐंशी पैसे वाचावेत म्हणून शंभरच्या शंभर पैसे स्वतःजवळ जपून ठेवणारे कितीतरी दानशूर माझ्या परिचयाचे आहेत.

तरीही ज्यांना दिल्यावाचून राहवत नाही, अशा हट्टी वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. मी चिपळूण तालुक्यात राहतो. मी पाण्याचा पूर पाहिला आहे आणि मदतीचाही पाहिला आहे. दुसरा पहिल्यापेक्षा उशिरा ओसरतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या चिपळूण शहरात शिरल्या आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी उतरले तशा घाटावरून आणि मुंबईहून गाड्या येऊ लागल्या. माणसे मनापासून आली होती. ओळख ना पाळख अशी पोरे आमच्या घरांतला गुडघाभर गाळ उपसत होती, हे आधीच नोंदवून ठेवतो, नाहीतर उपरोध लिहिणाऱ्याला कृतघ्न ठरवायला वेळ लागत नाही. पण त्या गाड्यांतून जे उतरले, त्यावरून काय द्यावे याचा एक निश्चित नियम मला सापडला. घेणाऱ्याला काय हवे ते कधीही विचारू नये. विचारले तर तो सांगतो, आणि सांगितलेले आणणे म्हणजे दान राहत नाही, ते वाणसामान होते.

म्हणून गव्हाचे पीठ द्यावे. ज्या घरात सकाळी पेज आणि दोन्ही वेळा भात, ज्या घरातल्या म्हातारीच्या दाताला चपाती लागत नाही, तिथे दहा किलोंची पिशवी नेऊन ठेवावी. चूल गाळात, लाकूडफाटा वाहून गेलेला आणि उरलेला ओलाचिंब, अशा वेळी पहिल्या दोन दिवसांत शिजवलेल्या अन्नाची गरज असते, त्यामुळे कच्ची तूरडाळ आवर्जून द्यावी. तयार खिचडी सहाव्या दिवशी आणावी, म्हणजे तोवर कुठून तरी गॅस मिळवून रांधू लागलेल्या बायकांना हातातले काम टाकून रांगेत उभे राहता येते. आमच्या पडवीत ठेवायला दिलेल्या पिठाच्या पिशव्यांची थप्पी आठ दिवसांत वाशाला टेकली आणि श्रावणाच्या दमट हवेत महिनाभरात तिला जाळी लागली. ते पीठ शेवटी गुरांनी खाल्ले. दान मुखी लागले, हे खरेच.

आता कुठे द्यावे, याकडे वळू. कोकणातले गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नसते, हे आपल्याला ठाऊक असेलच. खाली रस्त्याला धरून दुकाने आणि सिमेंटची घरे, मग वर चढत एकेक वाडी, मग पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्यावर साकव म्हणजे पायी ओलांडायचा लहान पूल, आणि साकवापलीकडे अर्ध्या तासाच्या पाखाडीनंतर, म्हणजे चढाच्या पायवाटेनंतर, धनगरवाडी नाहीतर कातकरीवाडी. भुकेची उतरंड बहुतेक याच क्रमाने चढत जाते. मदतीचा टेम्पो मात्र साकवावरून जात नाही. तो डांबर जिथे संपते तिथे थांबतो आणि थांबताच वाटप सुरू होते, कारण सोबत आलेल्या मंडळींना संध्याकाळपर्यंत घाट चढून परत जायचे असते. त्या पुरात महामार्गालगतच्या एका घरी मी गोडेतेलाच्या अकरा पिशव्या मोजल्या. घरमालक भला माणूस. त्यातल्या दोन त्याने आग्रहाने मला दिल्या. पलीकडच्या वाडीत त्याच दिवशी काय पोचले होते, हे पाहायला मी चौथ्या दिवशी गेलो आणि माझ्याजवळच्या त्या दोन पिशव्या तिथे पहिल्या ठरल्या. अर्थात त्या पोचल्या, म्हणजे व्यवस्था चालते, असेही म्हणता येईल.

रस्ता, चिखल, पाखाडी हे काहीच ज्यांना मानवत नाही त्यांनी महाप्रसाद करावा. दिलेले अन्न पोटात पोचले, याची डोळ्यांदेखत खात्री पटवणारी दुसरी जागा भूतलावर नाही. सप्ताहाची सांगता असते, हजारभर पान उठते, वाढपी धावतात, जिलबीचा आग्रह होतो आणि पंक्तीतला प्रत्येक जण समाधानाने ढेकर देतो. हे सगळे जण घरून न्याहारी करून आलेले असतात आणि रात्री घरी जाऊन थोडा दहीभात घेणार असतात, ही बाब वेगळी. अन्नदानाच्या पाटीवर ‘अन्न’ असते आणि ‘दान’ असते. भूक असलीच पाहिजे असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

सर्वांत महत्त्वाचा सल्ला खर्चाविषयीचा आहे आणि तो जरा सविस्तर द्यायला हवा. एखाद्या संस्थेला पैसे देताना पहिला प्रश्न हाच विचारावा की माझ्या रुपयातला एकही पैसा पगारावर, पेट्रोलवर किंवा कागदावर जाणार नाही ना. परदेशातून येणाऱ्या देणग्यांचा कायदा सरकारने २०२० मध्ये कडक केला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. म्हणजे इतका कडक झालेला कायदासुद्धा २० टक्के मान्य करतो. आपण कायद्याहून कडक असावे आणि शून्य मागावे. शून्य म्हटले की संस्था आनंदाने हो म्हणते, कारण तिला आपली देणगी हवी असते, आणि मग तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर तिने खोटा हिशेब लिहावा, किंवा ज्या माणसाने पाऊस सुरू होण्याआधी वाडीवाडीत हिंडून कोणाच्या घरात किती तोंडे, कोणाचे रेशनकार्ड सावकाराकडे गहाण, कोणती बाई बाळंतपणाला टेकली आहे याची यादी केली असती, तो माणूसच ठेवू नये. संस्था बहुधा दुसरी वाट धरते. ती प्रामाणिकही असते आणि स्वस्तही. मग यादी रस्त्यावरच्या पुढाऱ्याकडून घेतली जाते, त्याला आपले मतदार तोंडपाठ असतात, आणि आपल्या रुपयाचा संपूर्ण, शंभर नवे पैसे भरून, तांदूळ विकत घेतला जाऊन तो डांबर संपते तिथपर्यंत सुखरूप येतो. पाखाडी चढून पाठीवर पोते नेणाऱ्या गड्याची मजुरी म्हणजे प्रशासकीय खर्च. तो आपण वाचवलेला असतो.

करसवलतीविषयी थोडक्यात. पाच पोती तांदूळ दिल्यास प्राप्तिकरात देणगीची वजावट म्हणून काहीही मिळत नाही, कारण वस्तुरूप दान तिथे धरत नाहीत. दोन हजारांवरची रोख रक्कमही धरत नाहीत. आणि नवी कररचना निवडली असल्यास वजावटच नाही. तरीही पावती मागावीच. ती कपाटात असली की माणसाला बरे वाटते. नोंदणीकृत न्यासांनी धर्मादाय कार्यालयात सादर केलेले लेखापरीक्षित हिशेब मागून पाहण्याच्या फंदात पडू नये. ते वाचल्यास पोचले की नाही, याविषयी मत बनण्याची शक्यता असते, आणि मत बनले की पंधरा पैशांचे वाक्य वापरता येत नाही.

राहिला प्रश्न केव्हा द्यावे याचा. मार्चअखेर उत्तम, दिवाळी उत्तम, पूर आल्यास पुढचे पंधरा दिवस सर्वोत्तम. फक्त आषाढात देऊ नये. आषाढ हा कोकणातल्या भुकेचा स्वतःचा महिना आहे आणि त्याची बातमी होत नाही. ज्याच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी झाली, सुकी मासळी, कुळीथ, मिरची, लाकडे भरून झाली, त्याला तो महिना सुखाचा. ज्याच्याकडे भरायलाच काही नव्हते, त्याला लावणीची चार दिवसांची मजुरी संपल्यावर खायला रानभाजी आणि पऱ्यातले खेकडे. कातकरी समाज हा महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिवासी गटांपैकी एक आहे, आणि त्याच्या या उपाशी महिन्यांची सरकारलाही जाण आहे. म्हणून तर १९७८ पासून पावसाळ्यासाठी खावटी कर्जाची योजना होती. २०२० च्या टाळेबंदीत कर्जाऐवजी खावटी अनुदान देण्याचे ठरले, कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे बँकेत आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. मंजुरी ऑगस्ट २०२० मध्ये मिळाली आणि वस्तूंचे वाटप रेंगाळत पुढच्या वर्षीच्या पावसात येऊन पडले. भूक मात्र दोन्ही वर्षी ठरल्या वेळी आली होती. रेशनचे धान्य आता फुकट आहे, अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो आहे, पण त्यासाठी यंत्रावर अंगठा उमटावा लागतो, आणि विळा-कोयता धरून गुळगुळीत झालेला अंगठा, दरीतली रेंज आणि भर पावसातला साकव या तिन्हींचा योग एकाच दिवशी जुळून यावा लागतो.

अशा आषाढात त्या वाडीवर मदत घेऊन बिनचूक पोचणारा एक दाता मी ओळखतो. तो पावसाची पर्वा करत नाही, साकवावरून चालत येतो, पाखाडी चढतो, प्रत्येक घरात किती हात आणि किती तोंडे आहेत हे त्याला पाठ असते, आणि तो पीठ नव्हे तर रोख पैसे देतो, ज्यातून माणसाला हवा तो तांदूळ घेता येतो. त्याच्या रुपयातले शंभर पैसे पोचतात. यंत्राला न पटणारा अंगठा त्याच्या वहीत पहिल्या खेपेला उमटतो. तो वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम असतो आणि त्याच्या मदतीला उचल म्हणतात. दिवाळी झाली की ती फेडण्यासाठी अख्खे कुटुंब, पोरांची शाळा सोडवून, भट्टीवर जाते आणि जेठ लागताना परत येते. हिशेबात बहुधा काहीतरी उरलेलेच असते, मग पुढच्या आषाढात पुन्हा उचल. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. गरजूंपर्यंत मदत पोचवता येत नाही, तशी यंत्रणाच नाही, असे आपण म्हणतो तेव्हा या गृहस्थावर अन्याय होतो. त्याने यंत्रणा उभी केली आहे, तिच्यावर खर्च केला आहे, आणि तो ती यंत्रणा आपल्या पाच हजारांच्या दिवाळी-किटसाठी मोकळी ठेवणार नाही, हे उघड आहे.

किटचा विषय निघालाच आहे तर छायाचित्राचे सांगून थांबतो, कारण पोचल्याचा पुरावा म्हणून आपण शेवटी तेच मागणार. एका पिशवीला दात्यांचे किमान सात हात लागलेले असावेत आणि घेणाऱ्याचे दोन. घेणाऱ्या बाईला पदर सावरायला वेळ देऊ नये; सावरलेल्या पदराने गरज कमी दिसते. किट दिवाळीतच द्यावे, तेव्हा उजेड चांगला असतो. आपण ते घेऊन जाल त्या दिवशी वाडीतली निम्मी घरे भट्टीच्या ट्रकची वाट पाहत गाठोडी बांधून बसलेली असतील, त्यामुळे माणसे एकाच जागी सापडतील आणि आपली पायपीट वाचेल. त्यांना खाली रस्त्यावर बोलवावे, आपण वर जाऊ नये. उभे करताना त्यांची पाठ बाजारपेठेकडे नव्हे, टेम्पोवरच्या फलकाकडे असावी. आणि मागे साकव दिसू देऊ नये, कारण एखादा चौकस माणूस फोटो मोठा करून पाहतो आणि त्याच्या पलीकडे कोण राहते, असे विचारून बसतो.