काचेचं क्लबहाऊस आणि मामांचा फॉरवर्ड

रात्री पावणेबाराला मामांचा फॉरवर्ड आला. खाली त्यांची एक ओळ : "हे वाच, मग तुझं ग्रीन-बिन सांग." मामा कोल्हापुरातल्या त्यांच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी. रविवारी जनरल बॉडीत क्लबहाऊसचा आराखडा मंजूर व्हायचाय, आणि हा मेसेज तिथल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. त्यामुळे गप्प बसता येत नाही.

मेसेजचं म्हणणं असं : पर्यावरणपूरक इमारत ही लूट आहे. त्यापेक्षा चारी बाजूंना काच लावा, दिव्यांचं बिल शून्य. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यानं पाया खचतो. सोलर पावसाळ्यात बंद पडतं. आणि इमारतीजवळची झाडं रात्री ऑक्सिजन खातात.

झाडांचं आधी उरकतो. रात्री माणूसही ऑक्सिजन घेतो, झाडापेक्षा कितीतरी जास्त. मग मामींना झोपायला गच्चीवर पाठवणार का?

खरा घोळ काचेचा आहे. मामांच्या क्लबहाऊसचं तोंड पश्चिमेला, कारण रस्ता तिकडं. एप्रिलमध्ये रंकाळ्यावर गाडी उन्हात लावून भेळ खायला गेलात, की परत येऊन स्टीअरिंगला हात लावता येतो का? काच ऊन आत घेते, पण आतली उष्णता बाहेर सोडत नाही. दक्षिणेचं ऊन छज्जानं अडवता येतं. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, छज्जाखालून थेट आत. मग काय होणार? दोन वाजता पडदे ओढायचे, पडदे ओढले म्हणून दिवे लावायचे, आणि वर एसी. म्हणजे ज्या बिलासाठी काच लावली, तेच बिल दुप्पट.

हे माझ्या पदरचं नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची 'इको निवास संहिता' भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालते : थंड प्रदेश सोडून सगळीकडं दर चौरस मीटरला १५ वॅट. शिवाय उघडता येणाऱ्या खिडक्या किती हव्यात तेही सांगते. चारी बाजूंची बंद काच या दोन्हींत नापास. संहिता राहत्या इमारतींची आहे हे मान्य, पण क्लबहाऊस आहे म्हणून ऊन सवलत देत नाही. पश्चिमेला विटांची जाळी आणि खोल व्हरांडा द्या, काच उत्तरेला लावा. गच्चीवर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे ऊन परतवणारी फुटक्या पांढऱ्या टाइल्सची फरशी, घाला, कारण मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर असतो. आणि सकाळच्या योगासनांना, संध्याकाळच्या कॅरमला एसी कशाला हवा? कमी वीज खाणारे २८-३० वॅटचे बीएलडीसी पंखे पुरे.

शोषखड्ड्याबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आक्रसते. तिथं खड्डा पायाला चिकटून खणला तर भिंतींना तडे जातील. म्हणून खड्डा लांब घ्या, किंवा सरळ टाकी बांधा. २०० चौरस मीटर छत, वर्षाचा सुमारे १००० मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी १ लाख ६० हजार लिटर. संडास आणि बाग त्यावर आरामात निघेल. "कोल्हापूरला पाण्याचा कसला दुष्काळ?" असं म्हणणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ आठवावं. पंचगंगा गावात शिरली, उपसा केंद्रं बुडाली, आणि पुराच्या गावात नळ कोरडे. मात्र टाकी पूररेषेच्या वर हवी, नाहीतर तीही पुरातच.

सोलर पावसाळ्यात कमी चालतं, बंद पडत नाही. उन्हाळ्यातली जादा वीज ग्रिडला जाते आणि नेट मीटरिंगनं आपल्या बिलात जमा होते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. मेसेजवाल्यानं ते का लिहिलं नाही कोण जाणे.

मामा, बाकी सगळं राहू द्या. रविवारी एवढंच करा : आर्किटेक्टला विचारा, मे महिन्यात दुपारी चारला त्या पश्चिमेच्या काचेजवळ पंखा बंद करून अर्धा तास बसाल का? हो म्हणाला तर काच लावा.