अजिंक्यताऱ्यावरचा उलटा सूर्य

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसलो. इतरांसाठी थोडक्यात सांगतो: साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचं मी 'डिसेंबरातला अजिंक्यतारा, सकाळी नऊ' हे रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेलं चित्र, टाकलं होतं. त्याबद्दल काकांचं म्हणणं असं, की चाळीस वर्षं मंगळवार पेठेतून रोज किल्ला बघतोय, थंडीत शहराच्या बाजूला ऊन असं पडतच नाही. डोंगर रबरासारखा ताणलाय. गवत हिरवंगार कसं? आणि मागचं थोडं ब्लर केलं असतं तर फोटोसारखं तरी वाटलं असतं.

उन्हाचं तुमचं शंभर टक्के बरोबर. किल्ला शहराच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याला दिसतो तो त्याचा उत्तर उतार. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर. २१ डिसेंबरला सकाळी नऊला सूर्य आग्नेयेला असतो, उत्तरेपासून मोजलं तर १२७ अंशांच्या आसपास, आणि क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर. म्हणजे किल्ल्याच्या पाठीमागेच म्हणा ना. भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेलाच, ४९ अंशांवर. मी काय केलं होतं? कडा काळा दिसतोय म्हणून सन लॅम्प, म्हणजे ब्लेंडरमधला सूर्य, हातानं फिरवून ईशान्येला नेला. चित्र छान झालं, सातारा राहिला नाही.

ब्लेंडरला जोडता येणाऱ्या सन पोझिशन या ॲड-ऑनमध्ये अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ टाकली की सूर्य आपोआप जागेवर बसतो. (टाइम झोन ५.५ टाकायला विसरू नका. मी एकदा शून्य ठेवून सकाळ म्हणून चक्क दुपार रेंडर केली होती.) उत्तर उतारावर तिरपं ऊन हवंच असेल, तर तारीख बदलायची. १० मेला सकाळी सातला सूर्य ७५ अंशांवर, म्हणजे पूर्वेच्या थोडा उत्तरेला, आणि फक्त १२ अंश वर असतो. ते ऊन उतार घासत जातं आणि काळ्या दगडाचे आडवे थर पायऱ्यांसारखे उठून दिसतात. पण मग गवत पार वाळलेलं आणि माती तापलेली दाखवायची. माझ्या चित्रात डिसेंबरची तारीख, मेचं ऊन आणि सप्टेंबरचं गवत, असं तीन ऋतूंचं कडबोळं झालं होतं. गवताबद्दल तुम्ही जे बोललात ते त्यातच आलं.

डिसेंबरच ठेवायचा असेल तर कडा सावलीत राहू द्यायचा. तो मला काळाकुट्ट दिसत होता, कारण मी आकाशाच्या जागी करडा रंग भरला होता. खऱ्या सावलीला निळ्या आकाशाचा उजेड मिळतो. स्काय टेक्स्चर, म्हणजे खऱ्यासारखं उजेड देणारं आकाश, लावलं, एक्स्पोजर सावलीच्या हिशोबानं वाढवलं, आणि उतार निळसर उजळला. शहरावरचा सकाळचा धुरकट थरही समोरून ऊन आलं की चमकतो. मिस्ट पास, म्हणजे अंतरानुसार धुकं चढवायची सोपी सोय, तिला सूर्य कुठे आहे हे कळत नाही, ती सगळीकडे सारखाच रंग फासते. त्यासाठी व्हॉल्यूम स्कॅटर (हवेत उजेड विखुरणारा थर) लावून ॲनायसोट्रॉपी, म्हणजे उजेड पुढच्या दिशेला किती विखुरतो ते, ०.६ च्या पुढे ठेवली. रेंडरला रात्र गेली, पण बघण्यासारखं झालं.

ताणलेल्या डोंगराचंही कबूल. ब्लेंडरमधल्या कॅमेऱ्याची लेन्स २४ एमएमची होती, म्हणजे आडवा कोन जवळपास ७४ अंश. त्यात समोरच्या गच्च्या अंगावर येतात आणि किल्ला पुटकुळीएवढा होतो. म्हणून मी उंची दीडपट केली. दुखणं डोक्याला आणि मलम गुडघ्याला. आता कॅमेरा मागे नेऊन ८५ एमएम लावलाय, कोन २४ अंश, उंची मूळची. माची परत माचीसारखी सपाट दिसते.

ब्लरचं मात्र ऐकणार नाही. खऱ्या कॅमेऱ्यात ८५ एमएमला छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ठेवून तीस मीटरवर फोकस केला, तर पंधरा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चांगलं स्पष्ट येतं. मागचा डोंगर धूसर दिसला की डोळा तो लहान मॉडेल समजतो. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्याचा जवळून काढलेला फोटो आठवा. लांबचं लांब वाटायला हवेचा निळेपणा पुरतो.

नवीन रेंडर वर टाकलाय, डिसेंबरचाच, कडा सावलीत. किल्ल्यावरचे टॉवर अजून चित्रात बसवलेले नाहीत. आणि काका, तुम्ही रोज बघताच, तर एक सांगा: थंडीत कड्याच्या वरच्या कडेला उन्हाची बारीक रेघ साधारण किती वाजेपर्यंत दिसते? माझ्याकडचा उंचीचा डेटा तीस मीटरच्या चौकोनांचा आहे, त्यात ती कड बोथट होते, त्यामुळे माझ्या रेंडरवर त्याबाबतीत भरवसा ठेवता येत नाही.